तीन शहरांत विखुरलेली टीम: काम नेमकं कुठे अडतं आणि काय बदलायचं

प्रश्न असा आहे: १४ जणांची सॉफ्टवेअर टीम. ९ जण पुण्यात, ४ जर्मनीत म्युनिकला, १ अमेरिकेत ऑस्टिनला. चॅट, व्हिडिओ कॉल, टिकिटांची सिस्टिम (प्रत्येक कामाची किंवा तक्रारीची नोंद म्हणजे एक टिकीट), सगळं आहे. तरीही जो बदल एकाच ऑफिसात दोन दिवसांत उरकतो, तो दोन-तीन ठिकाणांतून फिरला की आठवडा खातो. उपाय म्हणून कंपनीने पुण्याच्या लोकांना आठवड्यातून चार दिवस ऑफिसात बोलावलं आहे. याने फरक पडेल का, आणि या विषयावरचं संशोधन काय सांगतं?

आधी एक गाठ सोडवायला हवी. ‘घरून काम’ आणि ‘अनेक ठिकाणांहून मिळून काम’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक चर्चेत ते एकत्र कालवले जातात. पुण्याचे नऊच्या नऊ जण हिंजवडीत एकाच मजल्यावर येऊन बसले तरी म्युनिक आहे तिथेच राहणार. त्यामुळे ऑफिसात बोलावण्याने पुण्यातल्या पुण्यात काही गोष्टी सुधारतील (त्या कोणत्या, ते पुढे येईल), पण तुम्ही सांगितलेला आठवडा त्याने कमी होणार नाही.

घरून कामाचे आकडे एकमेकांशी भांडताना दिसतात, त्याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये चीनच्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये प्रयोग केला. जन्मतारीख सम की विषम यावरून घरी कोण आणि ऑफिसात कोण हे ठरलं. नऊ महिन्यांत घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. अ‍ॅटकिन, शोअर आणि शिंदे यांनी चेन्नईत डेटा एन्ट्रीच्या कामावर असाच चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग उलट सांगतो: घरी बसवलेल्यांची उत्पादकता १८ टक्के कमी. त्यातला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला. उरलेला फरक पडला कारण ऑफिसातले लोक लवकर शिकत गेले. तिसरा अभ्यास तुमच्या कामाच्या जास्त जवळचा आहे. गिब्ज, मेंगल आणि सीमरोथ यांनी आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीतल्या १०,००० हून जास्त लोकांची कोविडच्या आधीची आणि घरून कामाच्या काळातली नोंद तपासली. कामाचे तास वाढले, हातातून निघालेलं काम किंचित घटलं, आणि तासामागची उत्पादकता ८ ते १९ टक्क्यांनी उतरली. मीटिंगा आणि समन्वय यांत वेळ गेला, सलग बसून काम करायचे तास कमी झाले.

कॉल सेंटरच्या माणसाचा फोन संपला की काम संपलं, त्याला शेजाऱ्याची गरज नाही. तुमच्या इंजिनिअरला मात्र दर दोन तासांनी दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यातली गोष्ट लागते. गॅरी आणि ज्युडिथ ओल्सन यांनी २००० सालीच हे मांडलं होतं. दुरून काम जमेल की नाही हे चार गोष्टींवर ठरतं: लोकांची सामायिक समज किती, काम एकमेकांत किती गुंतलेलं, मिळून काम करायची तयारी आहे का, आणि तंत्राची सवय आहे का. यातली शेवटची गोष्ट तुमच्याकडे आहे, म्हणून सगळे तिच्याकडेच बघतात. घोळ पहिल्या दोन गोष्टींत आहे. काम गुंतलेलं आहे आणि समज सामायिक नाही, हे जमून आलं की कितीही चांगलं चॅट आणलं तरी आठवडा जातोच.

आता त्या आठवड्याकडे. हर्ब्स्लेब आणि मॉकस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक देशांत पसरलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पातले बदल मोजले. एकापेक्षा जास्त ठिकाणांचे लोक गुंतलेल्या बदलाला त्याच प्रकारच्या एका ठिकाणच्या बदलाच्या सुमारे अडीच पट वेळ लागत होता. पण अंतराने थेट फार वेळ खाल्ला नव्हता. दोन ठिकाणांच्या बदलात माणसं जास्त गुंतत होती आणि वेळ तिथे जात होता.

तुमच्या टीमवर हे गणित लावा. उन्हाळ्यात ऑस्टिन पुण्याच्या साडेदहा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेअकरा. पुण्याहून संध्याकाळी सव्वासहाला प्रश्न गेला, ऑस्टिनच्या माणसाने सकाळी नऊला म्हणजे आपल्या रात्री साडेसातला उत्तर दिलं, पुण्यात ते दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं गेलं. त्यात आणखी एक शंका निघाली तर तिचं उत्तर पुन्हा रात्री. एका प्रश्नोत्तराची किंमत एक कामाचा दिवस. टिकिटात तीन गोष्टी लिहायच्या राहिल्या आणि त्या एकेक करून विचारल्या गेल्या, की तीन दिवस गेले. प्रत्यक्ष काम तेवढ्याच तासांचं राहतं, वाढतो तो वाट बघण्याचा वेळ. म्हणून पहिलं काम, फेऱ्या कमी करणं. त्याचे दोन रस्ते आहेत: संदेश पूर्ण लिहिणं, आणि एका टिकिटात लागणारी ठिकाणं कमी करणं.

संदेशाचा फरक बघा. सहसा जे जातं ते असं असतं: ‘परताव्याचा बग अजून येतोय. जरा बघशील का?’ आणि जे जायला हवं ते असं:

‘टिकीट ४१२. परतावा दोनदा जातोय. फक्त टेस्ट सर्व्हरवर, कालच्या बिल्डपासून, प्रॉडक्शनवर नाही. युरोतल्या ऑर्डरवर ५ पैकी ५ वेळा, रुपयांतल्या ऑर्डरवर एकदाही नाही. लॉग जोडलाय, ओळ ८८ बघ. चलन बदलण्याचा कोड मी तपासला, तो ठीक आहे. तुझ्याकडून एकच उत्तर हवंय: पुन्हा विनंती पाठवणं तुमच्या बाजूने होतं का? हो असेल तर मी उद्या माझ्याकडे अडवतो. नसेल तर टिकीट तुझ्याकडे घे. तोवर मी ४१५ वर आहे.’

हे लिहायला सात-आठ मिनिटं लागतात आणि वाचतो एक दिवस, कधी दोन. (बग म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, बिल्ड म्हणजे कोडची तयार आवृत्ती, प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक वापरतात ती सिस्टिम, लॉग म्हणजे सिस्टिमने ठेवलेली नोंद.) यात सगळ्यात मोलाची ओळ ‘हो असेल तर, नसेल तर’ ही आहे. समोरच्याच्या दोन्ही उत्तरांनंतर पुढे काय हे आधीच लिहिलं, की एक अख्खी फेरी वाचते. लोक ही ओळच विसरतात. टिकिटाच्या साच्यात पाच रकाने सक्तीचे करा: कुठे होतं, किती वेळा होतं, काय तपासून झालं, नेमका प्रश्न काय, उत्तरानंतर पुढचं पाऊल काय. दहा रकाने केलेत तर दुसऱ्या आठवड्यापासून सगळीकडे ‘लागू नाही’ दिसायला लागेल.

लिखाण पूर्ण असलं तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे गप्प बसणं. कॅथरीन क्रॅमटन यांनी विखुरलेल्या १३ टीमचा अभ्यास करून २००१ मध्ये जे लिहिलं ते आजही प्रत्येक लीडने (टीमच्या प्रमुखाने) वाचावं असं आहे. दूर बसलेल्यांची समज पाच जागी फाटते: आपल्याकडची परिस्थिती दुसऱ्याला सांगायची राहते, माहिती सगळ्यांपर्यंत सारखी पोचत नाही, संदेशात महत्त्वाचं काय हे लिहिणारा आणि वाचणारा वेगवेगळं धरतात, माहिती काहींना लगेच, काहींना उशिरा मिळते, आणि समोरून काही आलं नाही तर त्याचा अर्थ कळत नाही. उत्तर नाही म्हणजे मान्य आहे? राग आला? सुट्टीवर आहे? मेल पोचलाच नाही? माणूस यातला एक अर्थ स्वतःच निवडतो, आणि सहसा समोरच्याच्या स्वभावाला दोष देणारा. म्युनिकला वाटतं पुणेकर टाळतात. पुण्याला वाटतं जर्मन फटकळ आहेत. प्रत्यक्षात एकाचा सर्व्हर बंद होता आणि दुसऱ्याकडे सुट्टी होती.

आपल्याकडे यात आणखी एक पदर आहे. पुण्याच्या ज्युनियरचं ‘ओके’ बहुतेक वेळा ‘ऐकलं’ एवढंच सांगतं. म्युनिकचा लीड ते ‘मान्य, करतो’ असं वाचतो. यावर शिकवणी घेऊन उपयोग होत नाही, शब्द वाटून घेतले की होतो. तीन उत्तरं ठरवा: ‘मिळालं’, ‘बघून अमुक वारापर्यंत सांगतो’, आणि ‘मान्य, माझ्याकडे घेतलं’. ‘ओके’ आणि अंगठ्याचं चिन्ह कामाच्या चॅनेलवर बंद. पहिलं उत्तर दोघांचे कामाचे तास जुळतात त्या वेळेत चार तासांच्या आत यावं. ही शिस्त बसायला साधारण महिनाभर लागतो आणि लीड स्वतः पाळत नसेल तर ती बसत नाही.

दुसरा रस्ता, टिकिटामागची ठिकाणं कमी करणं. मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिलं होतं की संस्थेत संवादाची जी रचना असते, तीच तिने बनवलेल्या सिस्टिममध्ये उतरते. तुम्ही हे उलट बाजूने वापरू शकता. मागच्या तिमाहीची टिकिटं काढा, प्रत्येकावर किती ठिकाणच्या लोकांनी हात लावला ते लिहा, आणि कोणत्या मॉड्यूलची (सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र भागाची) टिकिटं सारखी दोन ठिकाणी फिरतात ते शोधा. सहसा दोन-तीन मॉड्यूलच बहुतेक त्रास देतात. ती एका ठिकाणाच्या पूर्ण मालकीची करा: कोड, रिव्ह्यू (बदलाची तपासणी), रिलीज (ग्राहकांसाठी सोडणं), सगळं. टेस्टिंग पुण्यात आणि कोड म्युनिकला अशी वाटणी कागदावर स्वस्त दिसते आणि फेऱ्यांत सगळ्यात महाग पडते.

याला एक किंमत आहे. ठिकाणाप्रमाणे काम वाटलं की ‘आपण’ आणि ‘ते’ ही भिंत पक्की होते. ओ’लिअरी आणि मॉर्टेन्सन यांनी २०१० मध्ये सहा-सहा जणांच्या टीमचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठिकाणाप्रमाणे गट पडले की आपलेपणा कमी झाला, कोणाला काय येतं याची जाण कमी झाली, भांडणं वाढली. गट लहान-मोठे असतील तर त्रास अधिक, आणि संख्येने कमी असलेल्यांना सगळ्यात जास्त. पण एखाद्या ठिकाणी एकटाच माणूस असलेल्या टीम मात्र चांगल्या चालल्या. तुमच्या ९-४-१ मध्ये सगळे ऑस्टिनच्या एकट्याची काळजी करत असतील. जपायला हवेत ते म्युनिकचे चौघे. चौघांचा स्वतःचा गट पडतो, पण निर्णय नेहमी नऊजणांच्या बाजूने झुकतात. म्हणून मॉड्यूल एका ठिकाणी द्या, पण दोन मॉड्यूल जिथे जोडली जातात तिथल्या प्रत्येक बदलाला दुसऱ्या ठिकाणचा एक ठरलेला रिव्ह्यूअर ठेवा. फक्त तिथे. सगळ्या बदलांना लावलात तर वाचवलेल्या फेऱ्या परत येतील.

हिंड्स आणि क्रॅमटन यांनी २०१४ मध्ये दाखवलं की एकमेकांच्या ऑफिसात जाऊन राहून आलेले लोक नंतर दुरूनही जास्त लवकर आणि मोकळेपणाने उत्तर देतात. प्रवासाचा पैसा असेल तर तो रिसॉर्टवरच्या दोन दिवसांच्या मेळाव्यात घालू नका. म्युनिकच्या एकाला पुण्यात आणि पुण्याच्या दोघांना म्युनिकला पूर्ण दोन आठवडे नेहमीच्या डेस्कवर बसू द्या. लाईट गेली की काय होतं, पावसात हिंजवडीतून बाहेर पडायला किती वेळ लागतो, इथे डबा किती वाजता उघडतो, हे ज्याने बघितलं तो सहा वाजता न आलेल्या उत्तराचा वेगळा अर्थ लावतो.

मीटिंगांबद्दल. सध्या बहुधा पुण्याचे सहा-सात जण एका खोलीत, टेबलावर एक माइक, आणि भिंतीवर म्युनिक. खोलीतली कुजबुज, हसू, फळ्याकडे दाखवलेलं बोट, यातलं पलीकडे काहीच पोचत नाही. उपाय स्वस्त आहे: खोलीत बसलेल्या प्रत्येकाने स्वतःच्या लॅपटॉपवरून जोडून घ्यायचं, कॅमेरा चालू, पण लॅपटॉपचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, आवाज फक्त खोलीच्या एका यंत्रातून. फक्त माइक बंद करून भागत नाही. एक स्पीकर जरी चालू राहिला तरी तो आवाज खोलीच्या माइकमध्ये शिरतो आणि घुमतो. फळा वापरायचा असेल तर स्क्रीनवरचा, भिंतीवरचा नाही.

आवाजाच्या उशिराकडेही लक्ष द्या. १० भाषांच्या २००९ मधल्या एका अभ्यासात दिसलं की माणसं एकमेकांचं बोलणं सेकंदाच्या साधारण पाचव्या भागात उचलतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा अशी आहे. वायफाय खराब असेल किंवा आवाज व्हीपीएनमधून (कंपनीच्या सुरक्षित नेटवर्कमधून) फिरून जात असेल तर तो सहज पुढे जातो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि ज्याची इंग्रजी जरा अडखळते तो पुन्हा बोलतच नाही. मीटिंग रूमला केबल लावा, आयटीवाल्यांकडून कॉलचा आवाज व्हीपीएनबाहेर काढून घ्या, आणि मत विचारताना ठिकाणाप्रमाणे क्रम लावा: ऑस्टिन, म्युनिक, शेवटी पुणे.

भाषेचा मुद्दा नाजूक आहे. हिंड्स, नीली आणि क्रॅमटन यांनी ६ सॉफ्टवेअर टीममधल्या ९६ जणांचा अभ्यास केला. इंग्रजीवरची असमान पकड ‘आपण-ते’ची भिंत वाढवते असं त्यांना आढळलं. मीटिंगच्या मध्येच पुण्याच्या खोलीत दोन मिनिटं मराठी-हिंदी चालतं, म्युनिकचे आपसात जर्मन बोलतात. बंदी घालू नका; लोक आपल्या भाषेत चांगला विचार करतात. नियम एवढाच करा की आधी सांगायचं, ‘दोन मिनिटं मराठीत बोलतो’, आणि संपलं की त्यातल्याच एकाने काय ठरलं ते इंग्रजीत एका वाक्यात सांगायचं.

नव्या कल्पना काढायची बैठक व्हिडिओवर घेऊ नका. ब्रक्स आणि लेवाव यांच्या २०२२ च्या प्रयोगात व्हिडिओवरच्या जोड्यांनी समोरासमोरच्या जोड्यांपेक्षा कमी कल्पना काढल्या, कारण नजर पडद्यावर खिळते आणि विचारही आखडतो. कल्पना निवडण्यात मात्र त्या मागे पडल्या नाहीत. म्हणून आधी प्रत्येकाने एकट्याने लिहून आणायचं, आणि कॉलवर फक्त निवड.

घड्याळ. पुणे आणि म्युनिक यांच्यात उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे पुण्याच्या साडेबारा किंवा दीडपासून साडेसहापर्यंत दोघं एकत्र आहेत. हा भरपूर वेळ आहे, तो अंतर्गत मीटिंगांना देऊ नका. तिन्ही ठिकाणांना एकत्र आणणारी वेळ मात्र म्युनिकची दुपारी चारची, तेव्हा ऑस्टिनला सकाळचे नऊ आणि पुण्यात रात्रीचे साडेसात किंवा साडेआठ. ही बैठक आठवड्यातून एकदाच, पंचेचाळीस मिनिटं. रोजचा स्टँडअप (कोण कशावर आहे याचा छोटा आढावा) लिहून. अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपचं मार्चच्या शेवटच्या रविवारी. परतताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. मधल्या दिवसांत म्युनिक-ऑस्टिन फरक सातऐवजी सहा तास होतो आणि कोणीतरी एक तास चुकतोच. बैठक कॅलेंडरमध्ये म्युनिकच्या वेळेवर बांधा आणि हे आठवडे आधीच रंगवून ठेवा.

सुट्ट्यांची यादीही तशीच एकत्र करा. १ मे आणि १५ ऑगस्टला पुणे आणि म्युनिक दोन्ही बंद असतात (तिकडे कामगार दिन आणि मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण), ऑस्टिन एकटं चालू. गणपती आणि दिवाळीत पुणं रिकामं, ऑगस्टमध्ये म्युनिक अर्धं रजेवर, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ऑस्टिन बंद. रिलीजची तारीख ही यादी समोर ठेवूनच धरायची.

आता पुण्याच्या चार दिवसांचा प्रश्न. सीट्रिप या त्याच प्रवास कंपनीत (नाव आता ट्रिप डॉट कॉम) १,६१२ जणांवर झालेला प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला: आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्याने नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं, कामगिरी आणि बढतीवर फरक दिसला नाही. तेव्हा तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर याला आधार आहे. चौथ्या दिवसासाठी सबळ कारण मला दिसत नाही. पण चेन्नईच्या प्रयोगातली शिकण्याची बाब विसरू नका: नवा माणूस शेजारी बसून लवकर शिकतो. थॉमस अ‍ॅलन यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९७७ मध्येच दाखवलं होतं की इंजिनिअरांच्या टेबलांमधलं अंतर सुमारे ३० मीटरच्या पुढे गेलं की आठवड्यातून एकदा कामाचं बोलणं होण्याची शक्यता तळाला जाते. म्हणून दिवसांच्या संख्येवर भांडू नका. दिवस सगळ्यांचे तेच असावेत, आणि ज्युनियर आणि त्याचा मार्गदर्शक एकाच मजल्यावर, जवळच्या टेबलांवर असावेत. सोमवारी एक आला आणि मंगळवारी दुसरा, तर हजेरी भरते, शिकणं होत नाही.

वरिष्ठांसमोर हे मांडायला स्वतःचे आकडे लागतील. मागच्या तीन महिन्यांतली पूर्ण झालेली टिकिटं घ्या, निदान साठ. प्रत्येकाचं सुरू होण्यापासून संपेपर्यंतचं कॅलेंडरचं अंतर, गुंतलेली माणसं, गुंतलेली ठिकाणं, आणि ‘वाट बघतोय’ या स्थितीत गेलेले तास, हे चार रकाने भरा. लहान, मध्यम, मोठी अशी वेगळी करून मगच तुलना करा. नाहीतर अवघड कामंच मुळात जास्त ठिकाणी फिरतात आणि निष्कर्ष फसतो. सरासरी नको, मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या. चाळीस दिवस पडून राहिलेलं एक टिकीट सरासरी वाकवतं. मग टिकिटाचा साचा आणि तीन उत्तरांचा नियम सुरू करा, सहा आठवडे दुसरं काहीही बदलू नका, आणि तेच चार रकाने पुन्हा भरा. कोणाचा माउस किती हलला हे मोजणारं सॉफ्टवेअर यात आणू नका. लोक माउस हलवायला लागतात आणि प्रश्न विचारणं बंद करतात. मॉड्यूलची फेरवाटणी त्यानंतरच्या तिमाहीत करा. दोन्ही एकदम केलंत तर वेळ कशामुळे वाचला हे सांगता येणार नाही, आणि पुढच्या वर्षी खर्च कापताना नेमकी चुकीची गोष्ट कापली जाईल.